दोन राउटर लावलेस, आता एक बंद करून बघ

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंग प्रमाणपत्राचा अभ्यास पूर्ण केला आहे. रेझ्युमेमध्ये ‘रिडंडन्सी आणि फेलओव्हर कन्फिगरेशन’, म्हणजे जादा यंत्रणा ठेवून एक पडली की काम दुसरीवर वळवणं, असं लिहिलं होतं. मुलाखतीत त्यावरच विचारलं, ‘‘राउटर चालू आहे, पण त्याच्या पलीकडची लिंक गेली, तर फेलओव्हर होईल का?’’ मला सांगता आलं नाही. कमांड सगळ्या पाठ आहेत. या विषयात करिअर करावं का? बाबा म्हणतात, सगळं क्लाउडवर चाललंय, हार्डवेअरच्या मागे लागू नकोस. एका ठिकाणी नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, शिफ्टची नोकरी मिळतेय. ती घेऊ, की ‘नेटवर्क इंजिनिअर’ पदाची वाट पाहू?

उत्तर : आधी त्या प्रश्नाचा निकाल लावू, कारण करिअरचं उत्तरही त्यातच आहे.

लिंक गेल्यावर फेलओव्हर होईल का? तसं सांगून ठेवलं असेल तरच होईल. एचएसआरपी या सिस्कोच्या प्रोटोकॉलमध्ये दोन राउटर मिळून एक आभासी गेटवे (मशीनना बाहेर जायचं दार) सांभाळतात, हे तुला माहीत आहे. काम करतो तो ॲक्टिव्ह, राखीव तो स्टँडबाय. ॲक्टिव्ह राउटर दर 3 सेकंदांनी हॅलो, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ असा छोटा संदेश, पाठवतो. 10 सेकंद काही ऐकू आलं नाही, तर स्टँडबाय जागा घेतो. या डिफॉल्ट वेळा झाल्या. पण हे हॅलो जातात लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या बाजूने. बाहेरची लिंक तुटली, तरी हॅलो बिनबोभाट चालूच राहतात. स्टँडबायच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. इकडे सगळी मशीन ॲक्टिव्ह राउटरकडे पॅकेट पाठवत राहतात आणि पुढे वाट नसेल तर ती तिथेच जिरतात.

म्हणून बाहेरच्या इंटरफेसवर ट्रॅकिंग लावायचं, म्हणजे तो पडला की राउटरची प्रायॉरिटी कमी होईल असं सांगून ठेवायचं. समज, ॲक्टिव्हची प्रायॉरिटी 110 आणि स्टँडबायची 100 आहे. लिंक गेली की 20 वजा, म्हणजे 90. आता दुसरा राउटर वरचढ झाला, पण तो पुढे येईलच असं नाही! त्याच्यावर प्रीएम्प्ट (वरचढ झाल्यावर जागा काढून घ्यायची मुभा) चालू केलेलं नसेल, तर तो 100 ची प्रायॉरिटी घेऊन गप्प बसून राहील. एचएसआरपीत प्रीएम्प्ट आपोआप चालू नसतं, व्हीआरआरपी या त्याच कामाच्या खुल्या मानकात असतं. त्यामुळे कागदावर एकसारखं दिसणारं डिझाइन दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हार्डवेअरवर वेगवेगळं वागू शकतं.

एवढंही सांगितलं असतंस, तर मुलाखत घेणाऱ्याने बहुधा पुढचा प्रश्न टाकला असता : लिंकचा दिवा हिरवा आहे, पण सेवा देणाऱ्या कंपनीच्या आतच काहीतरी बंद पडलंय, मग? इंटरफेस अप असल्यामुळे ट्रॅकिंगला काही कळत नाही. अशा वेळी पलीकडच्या एखाद्या पत्त्यावर सतत प्रोब (तपासणीचे संदेश) पाठवून त्याच्या उत्तराशी ट्रॅकिंग जोडावं लागतं. मग कुठल्या पत्त्यावर? अगदी जवळचा निवडलास, तर त्याच्या पुढचं काही समजणार नाही. लांबचा एकच सर्व्हर धरलास, तर त्याच्या मालकाने तो देखभालीसाठी बंद केला की तुझं नेटवर्क विनाकारण उडी मारेल. दोन-तीन पत्ते घेऊन ते सगळे गेले तरच हलायचं, असा मध्यममार्ग बरेच जण काढतात. इथे कमांड संपते आणि विचार सुरू होतो. पगार या विचाराचा मिळतो. कमांड काय, कुणीही शोधून काढतं.

तुझ्या पत्रात कमांड पाठ असल्याचा उल्लेख आहे, पण चालू नेटवर्क मुद्दाम पाडून पाहिल्याचा कुठेच नाही. ती उणीव घरबसल्या भरून काढता येते. जीएनएस3 किंवा ईव्ह-एनजी हे कॉम्प्युटरवर नेटवर्क उभं करून देणारं सॉफ्टवेअर घे. ते जमत नसेल, तर दोन लिनक्स व्हर्च्युअल मशीनवर कीपअलाइव्हड हा प्रोग्रॅम टाकून व्हीआरआरपी चालव. एका क्लायंटवरून सेकंदाला एक असं पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) चालू ठेव आणि एकेक गोष्ट तोड. तोडण्याआधी वहीत लिही : काय होईल, किती पिंग जातील. मग तोड आणि प्रत्यक्षात काय झालं ते शेजारी लिही. अंदाज चुकेल तिथे थांब, कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

तोडायचं काय? राउटर बंद करणं ही सगळ्यात सोपी चाचणी, आणि बहुतेक जण तेवढीच करतात. बाहेरची लिंक तोड. लिंक चालू ठेवून फक्त पलीकडचा राउट काढून टाक. मग दोन्ही राउटर जिवंत ठेवून त्यांच्यामधले हॅलो तेवढे अडव. दोघेही स्वतःला ॲक्टिव्ह समजू लागतील आणि एकाच आभासी पत्त्यावर हक्क सांगतील. फायरवॉलच्या जोडीतही दोघांमधली हार्टबीट लिंक तुटली की हाच प्रकार होऊ शकतो. त्याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. एक फायरवॉल पूर्ण बंद पडलेली परवडली, पण दोन्ही कारभारी झालेल्या नकोत, असं म्हणायची वेळ येते.

बंद केलेला राउटर पुन्हा चालू करून बघणं तर फारच थोडे जण करतात. प्रीएम्प्ट चालू असेल, तर रीबूट होऊन आलेला राउटर लगेच आपली जागा मागतो. पण ओएसपीएफ किंवा बीजीपी या वाटा कळवणाऱ्या प्रोटोकॉलचे शेजारी राउटर अजून जुळलेले नसतात, राउटिंग टेबल अर्धवट असतं. मग जाताना एकदा आणि येताना पुन्हा एकदा, असा दोनदा खंड पडतो. त्यासाठी प्रीएम्प्टला विलंब लावायची सोय असते. हे तू स्वतःच्या वहीतले आकडे दाखवून सांगितलंस, तर समोरचा खुर्चीत सावरून बसेल.

स्विचच्या बाजूने मी फार बोलत नाही. एवढं लक्षात ठेव, की तिथे जादा केबल म्हणजे जादा सुरक्षितता असं गणित नसतं. लूप झाला तर तेच संदेश गोल फिरत वाढत जातात आणि हे ब्रॉडकास्ट स्टॉर्म सगळंच घेऊन बुडतं. लूप टाळण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये जादा वाटा बंद ठेवणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल लिहिला आणि तो विचार आजही कामात आहे. जुन्या पद्धतीत दुसरी वाट उघडायला 30 ते 50 सेकंद लागायचे. 2001 मध्ये रॅपिड स्पॅनिंग ट्रीचं मानक आलं आणि हा वेळ खूप खाली आला. दोन्ही चालवून फरक मोज.

काही गोष्टी मात्र कन्फिगरेशनमध्ये दिसतच नाहीत. राउटरला दोन पॉवर सप्लाय आहेत, पण दोन्हींच्या वायरी एकाच यूपीएसवर. दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन घेतल्या आहेत, पण दोन्ही जमिनीखालच्या एकाच डक्टमधून येतात आणि खोदकामात एकदमच तुटतात. दोन लिंक प्रत्येकी 60 टक्के भरलेल्या चालतात. एक गेली की दुसरीवर 120 टक्के भार येणार, म्हणजे फेलओव्हर ‘यशस्वी’ होऊनही लोकांचं काम ठप्प. ‘याच्यासोबत आणखी काय काय पडेल?’ हे विचारायची सवय आतापासून लावून घे. मुलाखतीत एखादी आकृती समोर ठेवली, तर आधी हेच विचार, प्रोटोकॉलचं नाव नंतर घे.

आता बाबांचं म्हणणं. ते अगदीच चूक नाहीत. हार्डवेअरला हात लावायची कामं बऱ्याच ठिकाणी कमी झाली आहेत. पण क्लाउडवर गेल्याने हा प्रश्न सुटत नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे एडब्ल्यूएसची, साइट-टू-साइट व्हीपीएन घेतली, तर एका जोडणीत दोन टनेल मिळतात. दोन्ही तुझ्या बाजूने नीट लावायचे आणि एक पाडून दुसऱ्यावर काम चालतंय का हे पाहायचं, हे काम उरतंच. आणि बाबांना 4 ऑक्टोबर 2021 ची फेसबुकची गोष्ट सांग. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचा अंतर्गत बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटर जोडणारं नेटवर्क, खाली आला. अशा कमांड अडवण्यासाठी असलेल्या तपासणीच्या साधनातही दोष होता. डेटा सेंटरशी संपर्क तुटलेला पाहून त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या), ठरवून दिल्याप्रमाणे, आपले बीजीपी मार्ग मागे घेतले. बिघाडाच्या वेळी बाजूला व्हायची ती सुरक्षेची सोय सगळीकडे एकदमच लागू झाली आणि सेवा सुमारे सहा तास इंटरनेटवरून गायब होती. दुरुस्तीसाठी शेवटी इंजिनिअरना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं. साधनसामग्रीची तिथे वानवा नव्हती. अशा प्रसंगांचा आधीच विचार करणारी माणसं क्लाउडलाही लागतात. त्यांना पायथन आणि ॲन्सिबल ही ऑटोमेशनची साधनं येत असतील तर जास्तच, तेव्हा तेही शिकायला घे.

सीसीएनएची परीक्षा देऊन टाक, पण तिच्या भरवशावर राहू नकोस. त्या अभ्यासक्रमात या विषयाची तोंडओळखच आहे. रेझ्युमेतली ती ओळ काढ आणि तिच्या जागी वहीतलं लिही : कोणते बिघाड घडवले, प्रत्येकात किती सेकंद खंड पडला, काय बदलल्यावर तो किती कमी झाला.

या कामाची दुसरी बाजूही ऐकून ठेव. बदल करायची वेळ बहुधा मध्यरात्रीनंतरची असते. फोन कधीही वाजतो. सगळं सुरळीत चाललं, तर तू काय केलंस हे कुणाच्या लक्षातही येत नाही. झोपेचं खोबरं तुला चालणार नसेल, तर नेटवर्क डिझाइन किंवा ऑटोमेशनकडे जायची वाट पहिल्या दोन-तीन वर्षांतच शोध.

शिफ्टची नोकरी घे. पदाच्या नावासाठी थांबू नकोस. नेटवर्क खरोखर कसं मोडतं, हे ऑपरेशन्स सेंटरमध्ये जितक्या लवकर दिसतं तितकं इतरत्र क्वचितच दिसतं. पण होकार कळवण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचार. नव्या मुलांना अलार्म पाहून तिकीट (बिघाडाची नोंद) वर पाठवण्यापलीकडे चेंज विंडोमध्ये, म्हणजे बदल करायच्या ठरलेल्या वेळी, बसू देतात का? आणि फेलओव्हरची चाचणी शेवटची कधी घेतली होती? दुसऱ्या प्रश्नावर ते एकमेकांकडे बघू लागले, तरी नोकरी घे. तिथे तुला करायला भरपूर काम आहे. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर मात्र वर्षभरात दुसरीकडे अर्ज करायची तयारी ठेवूनच रुजू हो.