लागोस, कंपाला की गॅबोरोन: भाच्याला उत्तर

ताईनं तुझा मेसेज मला पाठवला. बडोद्याच्या मकरपुऱ्यातली ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगची नोकरी सोडून बाहेर पडायचं म्हणतोस. नायजेरियातलं लागोस, युगांडातलं कंपाला आणि बोट्सवानातलं गॅबोरोन अशी तीन ठिकाणी बोलणी चाललीत, लागोसवाले पगार सगळ्यात जास्त देतायत, आणि "मामा, शेवटी सगळी आफ्रिकाच ना, मग पैसे बघून जातो" असं तुझं म्हणणं. मी लागोसला राहिलोय, आता कंपालात आहे, गॅबोरोनला कामासाठी जाणं होतं. तर ऐक.

दरडोई उत्पन्न बघशील तर बोट्सवाना भारताच्या दुपटीहून वर आणि युगांडाच्या सहा पटींहून वर आहे. हा आकडा आला कुठून? १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. जमिनीखाली माल शेजाऱ्यांकडेही होता. पण यांनी डी बीअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीबरोबर निम्म्या भागीची कंपनी केली आणि आलेला पैसा शाळा, दवाखाने, रस्ते यांत घातला. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं शिक्षण करणाऱ्या सयाजीरावांच्या गावचा तू, खजिना असणं आणि तो कुठे घालायचा हे कळणं यातला फरक तुला सांगायला नको.

म्हणून गॅबोरोन डोळे मिटून घे असंही नाही. लोकसंख्या सुमारे २५ लाख, म्हणजे बाजार छोटा. शिवाय सगळी भिस्त हिऱ्यांवर. आपल्या सुरतेत लॅबमधले हिरे धडाधड बनायला लागले, खाणीतल्या हिऱ्यांची मागणी बसली आणि २०२४ मध्ये त्यांची अर्थव्यवस्था आकसली. स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्षही त्याच वर्षी हरला. तुझं काम सरकारी वीज कंपनीच्या टेंडरांवर चालणार असेल, तर बिलं वेळेवर निघतात का ते आधी विचार.

आता लागोस. तेल १९५६ मध्ये सापडलं, पण वाटेकरी वीस कोटींच्या वर, आणि कच्चं तेल विकणारा हा देश वर्षानुवर्षं पेट्रोल बाहेरून आणत होता. ग्रिडची वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. माझ्या बिल्डिंगच्या मागे जनरेटर होता. त्याच्या आवाजात झोप लागायची, तो बंद पडला की जाग यायची. डिझेलची वर्गणी भाड्याच्या वर वेगळी. पण खरा घोळ पगाराचा. जून २०२३ मध्ये सरकारनं नायराचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, भाव बाजारावर सोडला. तेव्हा डॉलरला साधारण ४६० नायरा पडायचे, पुढच्या फेब्रुवारीत १५०० च्या वर गेले. पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा तोच, घरी पाठवायची रक्कम तिसऱ्या हिश्श्यावर! तुझ्या ऑफरमध्ये पगार नायरात लिहिलाय की डॉलरमध्ये, ते तू कळवलंच नाहीस.

कंपाला कागदावर तिघांत मागे वाटेल, पण राहायला सोपं. हवा अशी की पंखा क्वचितच लागतो. नाईलवर जिंजाला १९५४ पासून धरण आहे, आणखीही झालीत. वीज बनते पुरेशी, पण खेड्यापाड्यांत तारा पोचलेल्या नाहीत, म्हणजे तुझ्या धंद्याला काम आहे. अडचण एकच, देशाला समुद्र नाही. माल मोंबासाला उतरतो, केनियाभर ट्रकनं येतो आणि सीमेवरच्या मलाबाच्या नाक्यावर रांगेत उभा राहतो. ट्रान्सफॉर्मरचं एक बुशिंग, म्हणजे तार आत नेणारा इन्सुलेटर, फुटलं तर बदली यायला आठवडे जातात, गिऱ्हाईक मात्र रोज फोन करतं. तूरडाळ, पोहे, सगळं मिळतं, दुकानदार बहुतेक गुजराती. १९७२ मध्ये इथला हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला होता, त्याच्या गोष्टी जुन्या घरांत अजून निघतात. मच्छरदाणी मात्र सोडायची नाही, मलेरिया इथे नित्याचा.

पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घे आणि ते कार्ड पासपोर्टमध्येच ठेव. युगांडा किंवा नायजेरियातून सुट्टीला घरी येताना ते नसेल, तर आपल्याच विमानतळावर तुला वेगळं ठेवतील.

माझं मत विचारशील तर कंपाला. लागोस घ्यायचंच असेल तर पगार डॉलरमध्ये आणि भारतातल्या खात्यात, घर आणि डिझेल कंपनीचं, वर्क परमिटचा खर्चही त्यांचाच, आणि हे सगळं लेखी. ताईला एवढ्यात काही बोलू नकोस, आधी तिन्ही ऑफरची पगाराची पानं मला पाठव.