मायक्रोबिट हातात आलंय? आधी एवढंच करा

अभिनंदन! मायक्रोबिट म्हणजे प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठीचा छोटासा संगणक-बोर्ड. पहिला आठवडा मोटर, रेडिओ, बाहेरचे सेन्सर सगळं बाजूला ठेवा. बोर्डावरचे २५ एलईडी आणि ए, बी ही दोन बटणं, एवढ्यावर भरपूर शिकता येतं.

मेककोडमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून बोर्डासाठी प्रोग्रॅम बनवायच्या साधनात, सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'ऑन स्टार्ट' आणि 'फॉरएव्हर' या दोन ब्लॉकांचा. पहिल्यातलं काम सुरुवातीला एकदाच होतं, दुसऱ्यातलं पुन्हा पुन्हा. समजा, बटण दाबलं की गुण वाढणारा खेळ केलाय. त्यात गुण शून्य करणारा ब्लॉक 'फॉरएव्हर'मध्ये ठेवला, की बटण कितीही दाबा, गुण वाढत नाहीत. मी शिकवलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून ही चूक झाली आहे. तुमच्याकडूनही झाली तर घाबरू नका.

आणखी दोन गोष्टी:
- संगणकाला बोर्ड दिसत नसेल तर आधी केबल बदला. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही.
- ३ व्होल्ट आणि जीएनडी (ग्राउंड) हे बोर्डावरचे दोन पिन थेट एकमेकांना जोडू नका.

एकेक ब्लॉक जोडा, पडद्यावरच्या सिम्युलेटरमध्ये (बोर्डाच्या नकलेत) चालवून बघा, मगच बोर्डावर उतरवा.

पहिला प्रकल्प म्हणून फासा करा: बोर्ड हलवला की १ ते ६ मधला आकडा दिसला पाहिजे. तो जमला की पुढचं सांगतो.