ज्याचं उत्तर ठाऊक आहे, तिथून सुरुवात कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

एम.एस्सी.चं पहिलं वर्ष, जोडीला मशीन लर्निंगचे कोर्स, आणि शिकलेलं लिहून काढायची हौस. यातलं काय सोडू, असं तू विचारलं आहेस. माझं म्हणणं, काहीच सोडू नकोस. तिन्ही एकाच प्रश्नाला जुंप. आणि प्रश्न असा निवड, ज्याचं उत्तर कुणीतरी आधीच कागदावर काढून ठेवलंय. काहीतरी नवं करून दाखवायची घाई मला समजते. पण शिकताना आपलं चुकलं तर ते आपल्याला कळायला हवं, आणि ती सोय नव्या प्रश्नात नसते.

माझी निवड विचारशील तर द्विमितीय आयझिंग मॉडेल. चौकोनी जाळी, प्रत्येक बिंदूवर एक स्पिन, म्हणजे इवलासा चुंबक, वर किंवा खाली, आणि प्रत्येकाचा संबंध फक्त चार शेजाऱ्यांशी. विल्हेल्म लेंझ यांनी हा विषय त्यांचा विद्यार्थी अर्न्स्ट आयझिंग याला प्रबंधासाठी दिला. १९२५च्या शोधनिबंधात आयझिंगने एका ओळीतल्या स्पिनांचं गणित पूर्ण सोडवलं, तिथे चुंबकत्व टिकत नाही हे दाखवलं, आणि तीन मितींतही ते टिकणार नाही असा निष्कर्षही काढला. तो चुकीचा होता. १९३६मध्ये पायर्ल्सने द्विमितीत चुंबकत्व टिकतं असा युक्तिवाद मांडला आणि १९४४मध्ये लार्स ऑन्सागरने क्रांतिक तापमानासकट (ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसं होतं ते) नेमकं उत्तर दिलं. शेजाऱ्यांमधला जोर आणि बोल्ट्झमन स्थिरांक १ धरले तर ते तापमान २ भागिले नैसर्गिक लॉग (१ + √२), म्हणजे सुमारे २.२६९. हा आकडा भिंतीवर लिहून ठेव.

संगणक उघडण्याआधी कागद घे. २×२ची जाळी, कडा एकमेकींना जोडलेल्या. अवस्था अवघ्या १६: दोन अवस्थांची ऊर्जा −८, बारांची शून्य, उरलेल्या दोनांची +८. एवढ्यावरून कुठल्याही तापमानाला सरासरी ऊर्जा हाताने काढता येते. मग मेट्रोपोलिस पद्धतीचा कोड लिही (एक स्पिन उलटून बघायचा; ऊर्जा वाढत नसेल तर बदल स्वीकारायचा, वाढत असेल तर तापमानावरून ठरणाऱ्या शक्यतेनेच), दर वेळी स्पिन यादृच्छिक निवड, आणि तेच उत्तर येतं का बघ. येत नसेल तर २०×२०कडे वळूच नकोस. तिथल्या अवस्थांची संख्या १२१ अंकी आहे. एवढ्या गर्दीत कोडमधली चूक सहज लपते. आणखी एक तपासणी: क्रांतिक तापमानाला ऊर्जा ४ने वाढवणारा बदल सुमारे १७ टक्के वेळा स्वीकारला गेला पाहिजे, ८ने वाढवणारा ३ टक्के. (पहिला आकडा नेमका ३ − २√२ आहे. ऑन्सागरच्या सूत्रातून तो स्वतः काढ, फार आनंद होईल.)

आता मशीन लर्निंग. कारास्किया आणि मेल्को यांनी २०१७मध्ये दाखवलं की साधं न्यूरल नेटवर्क अशा जाळ्यांच्या चित्रांवरून प्रावस्था, म्हणजे जाळी चुंबकित आहे की विस्कळीत, ओळखू शकतं. तू तेच कर, पण नेटवर्क तयार लायब्ररीतून न घेता नम्पायमध्ये (पायथनमधलं आकडेमोडीचं साधन) स्वतः लिही. विकलन वहीत कर आणि एकेक वजन किंचित हलवून ते ताडून बघ.

आधी हिडन लेअरशिवाय, म्हणजे इनपुट आणि उत्तर यांच्या मधल्या थराशिवाय, प्रयत्न कर. जमणार नाही, आणि का जमत नाही हेच इथलं खरं शिक्षण आहे. थंड जाळीत सगळे स्पिन वर असोत की खाली, प्रावस्था एकच. पण स्पिनांच्या भारित बेरजेवर निर्णय घेणारं मॉडेल एका जाळीकडे झुकलं की तिच्या उलट्या जाळीपासून तेवढंच दूर जातं. हिडन लेअर घालायची हे कोर्स सांगतो. ती कशासाठी हे इथे सममिती सांगते.

लेअर घातलीस की अचूकता देखणी येईल. तिथे थांब. क्रांतिक तापमानाजवळ जाळी फार सावकाश बदलते, त्यामुळे लागोपाठ टिपलेली चित्रं जुळ्या भावंडांसारखी असतात. सगळी एकत्र करून प्रशिक्षणाची आणि चाचणीची यादृच्छिक वाटणी केलीस, तर एक जुळं इकडे आणि दुसरं तिकडे जाईल. नेटवर्कने नुसतं पाठ केलं असेल तरी पैकीच्या पैकी गुण मिळतील. चाचणीसाठी संपूर्ण वेगळा रन ठेव, वेगळ्या सीडचा (यादृच्छिक आकड्यांची मालिका ज्या आकड्यापासून सुरू होते तो). एकाच रुग्णाचे एक्स-रे दोन्ही ढिगांत पडले की वैद्यकीय कामातही हेच होतं, आणि तिथे त्याची किंमत माणसं मोजतात. म्हणून ही सवय आत्ताच लागायला हवी.

मग चुंबकत्वाचं निरपेक्ष मूल्य (सगळ्या स्पिनांची सरासरी, चिन्ह सोडून), हा एकच आकडा वापरून तेच वर्गीकरण कर. नेटवर्क त्याच्या पुढे जातंय का? जात नसेल तर ते काय शिकलंय याचा मोठा सुगावा तुला लागला. १०, २० आणि ४०च्या जाळ्यांवर उत्तर २.२६९पासून किती सरकतं तेही बघ. लहान जाळीत संक्रमण पसरट होतं आणि थोडं जागेवरून हलतं.

एवढं झालं की भौतिकशास्त्रज्ञ जॉन हॉपफिल्डचा, आठवणी साठवणाऱ्या न्यूरल नेटवर्कवरचा १९८२चा शोधनिबंध उघड. त्यातली ऊर्जा तुला ओळखीची वाटेल. हॉपफिल्ड आणि हिंटन यांना २०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा, हे भौतिकशास्त्र कसं, असं अनेकांनी विचारलं. तुला उत्तर शोधावं लागणार नाही.

लिहायचं तर मराठीत लिही, तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याला समजेल असं. 'न्यूरल नेटवर्क म्हणजे काय' हा लेख नको, तो खूपजणांनी लिहिलाय. न जुळलेला ग्राफ आधी छाप, मग तो कसा जुळला ते सांग. जाळीचा आकार, टप्प्यांची संख्या आणि सीड यांशिवाय एकही ग्राफ देऊ नकोस, म्हणजे वाचणाऱ्याला तुझं काम पुन्हा करून बघता येईल.

२×२चं गणित झालं की वहीच्या पानांचा फोटो पाठव. कोड मला त्यानंतरच बघायचाय.

तुझा,
सर