दोन वर्षं बसतेय, पण पुढे जातेय का?

«मावशी, दोन वर्षांपूर्वी इगतपुरीला 10 दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. शेवटी शेवटी अंगभर झिणझिण्यांचा असा प्रवाह वाहिला की वाटलं, मिळालं! घरी आल्यावर सहा महिने सकाळ-संध्याकाळ तास-तास बसले. आता सकाळची जेमतेम 20 मिनिटं होतात. गुडघा ठणकतो. डोक्यात मुलांचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, बँकेतली कामं. तो प्रवाह तर पुन्हा आलाच नाही. कधी कधी मध्येच वडील आठवतात आणि रडू येतं. मी मागे चाललेय का?

ता. क. परवा सासूबाई गोळ्यांवरून बोलल्या. ताडकन उत्तर देणार होते, पण छाती घट्ट झालेली कळली आणि तशीच उभी राहिले. मग चहा टाकला.»
— एक वाचक, नाशिक

अगं, दोन वर्षांनंतरही तू रोज बसतेस, याचंच मला आधी कौतुक वाटलं. शिबिराहून आलेल्या कितीतरी जणांची बैठक वर्षाच्या आत सुटते. माझीही एकदा सुटली होती, चांगले आठ महिने.

इगतपुरीचा तुझा दिवस आठव. पहाटे 4 ला घंटा, दिवसाकाठी दहा तासांची साधना, मौन, मोबाइल जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वास, तोही नाकपुड्या आणि वरचा ओठ एवढ्याशा जागेत. मग चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर मन फिरवत संवेदना बघणं. इतकी मशागत झाल्यावर मन बारीक होतंच. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत 20 मिनिटं बसलेल्या मनाकडून तीच अपेक्षा कशी करायची? यात तुझं काही चुकलेलं नाही.

चुकतंय ते मोजमाप. या शिबिरांचे आचार्य गोयंका गुरुजी प्रवचनांत पुन्हा पुन्हा सांगत ते तूही ऐकलंयस: संवेदना सुखद आली की दुःखद याला महत्त्व नाही, तिच्याकडे समतेनं, म्हणजे हवं-नको न करता, पाहता आलं का ते बघा. झिणझिण्या परत याव्यात म्हणून डोळे मिटलेस तर ती 20 मिनिटं हावेचाच सराव होतो. कठोर वाटेल, पण हे मी गोड करून सांगणार नाही. ठणकणारा गुडघा हीसुद्धा संवेदनाच आहे, आणि ती रोज न बोलावता येते.

आता तुझा ताजा कलम. अख्ख्या पत्रात मला तोच मोलाचा वाटला आणि तू तो जाता जाता लिहिलास! पूर्वी काय व्हायचं आठव. भांडण व्हायचं, आणि आपण किती तोडून बोललो हे रात्री अंथरुणावर कळायचं. मग कधीतरी बोलता बोलता कळायला लागलं असेल. परवा तर शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत, राग छातीत असतानाच कळला. शिबिरात अंगावरून पुन्हा पुन्हा मन फिरवलंस ते याचसाठी. साधना खोल जाते ती अशी, ओट्याजवळ उभं असताना, आणि तिथे आपलं लक्ष नसतं म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

वडिलांचं म्हणशील तर येऊ दे रडू. मन जरा निवलं की खाली दबलेलं वर येतं. तेव्हा आठवणींच्या मागे धावू नकोस. गळा दाटलाय, डोळे चुरचुरताहेत, तेवढं बघत राहा. पण झोप उडाली, भीती वाटू लागली किंवा दिवसभर डोळ्यांचं पाणी खळेना, तर बैठक थांबव आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. अशा वेळी आणखी एक शिबिर हा उपाय नव्हे.

बैठकीचं म्हणशील तर घर उठायच्या आधी बस, अर्धा तास लवकर. मन फारच सैरावैरा असेल तर सगळा वेळ आनापान, म्हणजे नुसता श्वास बघणं, तेवढंच कर, शरीरावरून फिरायची घाई नको. रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी जाग आल्यावर पडल्या पडल्या पाच-पाच मिनिटं संवेदना बघायला जुन्या साधकांना सांगतात, ते तुझ्यासारख्या धावपळीतल्या बाईला फार उपयोगी पडतं. आणि आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला जात जा. नाशिकमध्येच धम्म नासिका केंद्र आहे, तिथे चौकशी कर. माझी सुटलेली बैठक परत लागली ती चार माणसांत जाऊन बसल्यामुळेच. एकटीला रोज स्वतःला ढकलणं जड जातं गं.

गुडघा आधी डॉक्टरांना दाखव आणि तोवर सरळ खुर्चीत बस. गरज असेल त्याला शिबिरातही खुर्ची देतात, त्यात कमीपणा कसला?

वर्षातून एक शिबिर करावं असं सांगतातच, तेव्हा सुट्टी जमली की जरूर जा. फक्त गेल्या वेळचा प्रवाह शोधायला जाऊ नकोस.

तीन-चार महिन्यांनी पुन्हा लिही. सासूबाईंच्या गोळ्यांवरून पुढे काय झालं, ते आधी लिही.

तुझी मावशी