कुसळ, थेंब आणि गेलेला डोळा

प्रश्न : भात झोडताना वडिलांच्या (वय ६२) डोळ्यात कुसळ गेलं. मेडिकलमधले थेंब बारा दिवस घातले. आता बुब्बुळ पांढरं पडून डोळ्यात पू झालाय, उजेडही कळत नाही. डॉक्टर डोळा काढायला सांगतात. दुसऱ्या डोळ्याला धोका आहे का? आमच्या वाडीतला हा तिसरा डोळा. कोकणात हे जास्त होतं का?
– एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : आधी वडिलांचं. उजेडही कळत नसेल आणि पू सगळीकडे पसरला असेल, तर ऑपरेशन लांबवू नका. अशा वेळी बहुधा डोळ्याच्या आतलं तेवढं काढतात. बाहेरचं पांढरं कवच आणि स्नायू राहतात, त्यामुळे नंतर बसवलेला डोळा थोडा हलतोही. त्याआधी डोळ्याची सोनोग्राफी झाली ना, हे नक्की विचारा. आत गाठ निघाली तर कवच ठेवून चालत नाही, मज्जातंतूच्या तुकड्यासकट अख्खा डोळा काढावा लागतो.

दुसऱ्या डोळ्याला सूज येण्याचा धोका असतो, पण तो फार थोडा, आणि मुख्यतः डोळा आरपार फुटला असेल तेव्हा. तरीही पुढचे काही महिने त्या डोळ्याला उजेड सोसेना, तो लाल झाला किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी दाखवा.

आता कारण. कुसळाबरोबर बुरशी आत जाते. मेडिकलमधल्या पुष्कळ थेंबांत स्टेरॉइड असतं. त्याने दोन दिवसांत लाली उतरते, बरं वाटतं, आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. पाल्याचा रस, मध, दूध हेही डोळ्यात नकोच. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, चोळू नका आणि दुसऱ्या दिवशीही टोचत असेल तर नेत्रतज्ज्ञ गाठा. ते जखम किंचित खरवडून काचेवर घेतात. बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली तासाभरात दिसू शकतात. मग बुरशीवरचं औषध, म्हणजे ५ टक्के नॅटामायसिनचे थेंब, सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. बाटली हलवूनच घाला, औषध तळाशी बसतं. उपचार कित्येक आठवडे चालतो. टोचणं थांबलं म्हणून लोक मध्येच सोडतात आणि तिथेच घात होतो.

प्रमाणाबद्दल : वाडीतल्या तीन डोळ्यांवरून दर काढता येत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख होती. तेवढ्या लोकांत वर्षाला १६ डोळे काढले, तर दर होतो लाखात एक. पण आपले रोगी मुंबईला, कोल्हापूरला, गोव्याला जातात, त्यामुळे एकट्या स्थानिक दवाखान्याच्या रजिस्टरात हा आकडा कमीच दिसणार. नुसता आकडाही पुरत नाही, डोळा कशामुळे काढला तेही लिहिलेलं हवं. लहान मुलात गाठ, म्हाताऱ्यात काचबिंदूने आंधळा होऊन दुखणारा डोळा, कामकऱ्यांत ग्रासकटरने उडालेला खडा किंवा चिरेखाणीतली कपची : प्रत्येकाचा उपाय वेगळा. खडा आणि कपची साध्या पॉलिकार्बोनेट चष्म्याने अडते. वडिलांनाही यापुढे कामावर तो हवाच, एकच डोळा उरलाय.

ऑपरेशननंतर पापणीआड प्लास्टिकची पातळ वाटी ठेवतात. कृत्रिम डोळा साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, सूज उतरल्यावर, मापाने बनवून घ्या. तोवर ती वाटी निसटली तर उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन लगेच परत बसवा, जमत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ती बाहेर राहिली की खोबण आक्रसते आणि पुढे डोळा नीट बसत नाही.