अडीच लाखांचा रग्ड लॅपटॉप हप्त्यावर घेऊ का?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, बाकीच्यांनाही कळू दे. तुम्ही सिव्हिल इंजिनिअर, देवगड-मालवण पट्ट्यात प्लॉट आणि चिरेखाणींची मोजणी करता, चार वर्षांत दोन लॅपटॉप गेले, आता 2 लाख 60 हजारांच्या रग्ड, म्हणजे पाणी, धूळ, आदळआपट सोसणाऱ्या लॅपटॉपचं कोटेशन आलंय, 16 टक्क्यांनी 24 हप्ते. घेऊ का?

माझं मत, आत्ता नको.

आधी दोन लॅपटॉप कसे गेले ते बघा. पहिला जुलैत बाइकवरून जाताना, सॅकमध्ये पाणी शिरून. दुसरा कातळावर, बाइकच्या सीटवर उघडा ठेवला होतात, स्टँड घसरला आणि स्क्रीन फुटली. मोजणीचा डेटा तर टोटल स्टेशनमध्ये, म्हणजे मोजणीच्या यंत्रातच साठतो, लॅपटॉप लागतो पॉइंट उतरवून घ्यायला आणि मालकाला नकाशा दाखवायला, तेही बहुतेक वेळा कुणाच्या तरी पडवीत बसून. मग भर पावसात चालणाऱ्या मशीनचे पैसे कशाला भरायचे?

माझा एक क्लायंट हर्णै बंदरात बोटींच्या इंजिनांचं काम करतो. डेकवर ओल्या हातांनी लॅपटॉप उघडायचा, वर ऊन एवढं की साध्या लॅपटॉपची स्क्रीन काळीच दिसते, आणि जुन्या मशीनच्या यूएसबी पोर्टमध्ये खाऱ्या हवेने हिरवट गंज धरलेला मी स्वतः बघितलाय. त्याला मीच म्हटलं रग्ड घे, कारण तिथे दुसरा इलाज नाही.

आता हिशोब. दोन लॅपटॉपचे 1 लाख 20 हजार आणि मार्चच्या ऐन सीझनमध्ये 11 दिवस काम बंद, रोजचे साडेतीन हजार धरले तर 38,500. म्हणजे वर्षाला जवळपास 40 हजार पाण्यात, हे दुखणारच, मला कळतंय. पण कर्जावर हप्ता पडतो सुमारे 12,700, एकूण फेड 3 लाख 5 हजारांच्या वर, सहा वर्षं टिकला तरी वर्षाला 51 हजार. आणि तुम्हीच लिहिलंय की पावसाळ्यात महिन्याला 25 हजारच येतात, त्यातले निम्मे लॅपटॉपला गेले तर गणपतीच्या आधी घरात काय होईल? मला खरी काळजी त्या चार महिन्यांची आहे.

त्यापेक्षा 68 हजारांचा चांगला बिझनेस लॅपटॉप, त्यावर तीन वर्षांचं अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज कव्हर साधारण 9 हजार, ड्राय बॅग आणि हार्ड केस 5 हजार, आणि 20 हजारांचा एक सेकंडहँड लॅपटॉप घरी स्पेअर. झाले 1 लाख 2 हजार, वर्षाला 34 हजार, आणि मशीन बिघडलं तरी दुसऱ्या दिवशी काम चालू. कव्हर घेताना पाणी सांडलं, वरून पडलं हे दोन्ही त्यात आहे का ते कागदावर वाचून घ्या, साध्या वॉरंटीत ते नसतं.

"मिलिटरी ग्रेड" या शब्दाला फार भुलू नका. मिल-एसटीडी-810 ही अमेरिकन संरक्षण खात्याची चाचण्यांची पद्धत आहे, त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या ते कंपनी ठरवते, साधे बिझनेस लॅपटॉपही तो शिक्का लावतात. आयपी हा धूळ-पाणी किती अडेल ते सांगणारा आकडा, आयपी 53 म्हणजे वरून येणारे शिंतोडे सोसेल, आयपी 65 म्हणजे पाण्याचा फवाराही. पण आयपीच्या आकड्यात मिठाचं काहीच नाही, मिठाची सॉल्ट फॉग, म्हणजे खाऱ्या धुक्याची चाचणी वेगळी असते आणि आपल्याकडे तर तीच विचारायला हवी.

डीलर म्हणाला 40 टक्के घसारा मिळून टॅक्स वाचेल. दर बरोबर आहे, पण तुम्ही निम्मी फी नफा धरून रिटर्न भरता, त्यात घसारा वेगळा मिळत नाही. जीएसटी नंबर नाही, म्हणजे 18 टक्केही परत येणार नाहीत.

उद्या जेटी, ब्रेकवॉटर असलं किनाऱ्यावरचं काम नियमित मिळायला लागलं तर परत लिहा, तेव्हा गणित बदलेल. तोवर तुमची 1 लाख 80 हजारांची एफडी मोडू नका, आणि स्पेअर आणलात की पहिल्याच रविवारी त्यावर सॉफ्टवेअर टाकून एक जुनी मोजणी उघडून बघा.