रेपर्टरीतली नटाची नोकरी: करार वाचा, मग होकार द्या

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: «मुलगा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहान असल्यापासून गावच्या काल्याच्या, म्हणजे देवळाच्या उत्सवातल्या, नाटकांत काम करतो, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेतही दोनदा उतरला. आता परराज्यातल्या एका रेपर्टरीकडून, म्हणजे पगारी नटसंचाकडून, मे महिन्यातल्या ऑडिशनचं बोलावणं आलं आहे. निवड झाली तर अकरा महिन्यांचा करार, महिना पंधरा हजार मानधन, राहण्याची सोय त्यांची. ह्यांचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे आणि नाटक जत्रेपुरतं ठेव. ह्याला नोकरी म्हणायचं का? आणि पुढे काय?»

नमस्कार ताई,

नोकरी म्हणायला हरकत नाही, पण साठीपर्यंत टिकणारी ती नव्हे. दोन-तीन वर्षं पगारी उमेदवारी करायची आणि तेवढ्यात हात चांगला बसवून बाहेर पडायचं, असंच बहुतेक नटांचं होतं. हे आधीच मान्य केलं तर निर्णय सोपा जातो. त्रास होतो तो ही कायमची नोकरी आहे असं समजून आत गेलेल्यांना.

रेपर्टरीत ठरावीक नट-तंत्रज्ञांचा संच महिन्याच्या मानधनावर एकत्र राहतो, वर्षाला साधारण तीन-चार नाटकं बसवतो आणि ती आलटून पालटून करतो. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीवर असं नसतं. तिथे नट एका नाटकापुरता बांधलेला असतो आणि प्रयोगागणिक ‘नाइट’ घेतो. प्रयोग लागला नाही तर पैसेही नाहीत. मुक्कामी कंपनी आपल्या भागाला नवी नाही म्हणा. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी 1918 ची, आणि त्या काळच्या मंडळ्यांत नटाचा पगार, बिऱ्हाड आणि जेवणाची पंगत ही सगळी कंपनीचीच जबाबदारी असायची. आजचे नमुने म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं 1964 पासूनचं रंगमंडळ, कर्नाटकातल्या हेग्गोडूच्या नीनासम ह्या नाट्यसंस्थेचा 1985 पासून फिरणारा ‘तिरुगाट’ संच, म्हैसूरचं 1989 चं रंगायण. आपल्याकडे कला अकादमीची ‘रंगमेळ’ आहे. परराज्यात जायच्या आधी मुलाने एकदा पणजीत कांपालला अकादमीत जाऊन तिथे नटांची भरती कधी आणि कशी होते ते समक्ष विचारून यावं.

आता मुलाच्या वडिलांच्या काळजीकडे येऊ, कारण ती रास्त आहे. बँकेच्या आयबीपीएस परीक्षांना क्लार्कसाठी वय 20 ते 28 आणि पीओसाठी (प्रोबेशनरी ऑफिसर) 20 ते 30 चालतं. म्हणजे मुलगा आता एकवीसचा असेल आणि दोन करार पुरे करून तेवीस-चोविसाव्या वर्षी परतला, तरी दोन्ही दारं उघडी असतात. मात्र रेपर्टरीत राहून रात्री बँकेचा अभ्यास करीन, असं तो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. आठवड्याचे सहा दिवस, रोज दहा-दहा तास अंग मोडून काम केल्यावर रात्री गणितं सुटत नाहीत. एका वेळी एकच धरावं. घरात बसून तारीख ठरवा: दोन वर्षं, मग आढावा. त्या तारखेला किती टाळ्या पडल्या हे बघू नका. किती वेगवेगळ्या दिग्दर्शकांकडे किती वेगवेगळ्या भूमिका झाल्या आणि अभिनयाशिवाय दुसरं कोणतं काम हातात आलं, ते मोजा.

एक अट मात्र आत्ताच घाला: बीकॉमची शेवटची परीक्षा पूर्ण द्यायची. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या पदविकेला पदवी लागते आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावाही लागतो. पुण्याच्या ललित कला केंद्रात किंवा मुंबई विद्यापीठाच्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये एमए करायचं तरी पदवी हवीच. ऑडिशनची तारीख पेपरवर आली तर कंपनीला आधी लिहून दुसरा दिवस मागावा. बऱ्याचदा मिळतो. आणि पुराव्यावरून आठवलं, काल्याच्या नाटकांची हस्तपत्रकं रद्दीत गेली नसतील तर ती शोधून एका फाइलीत लावा. हस्तपत्रक नसेल त्या नाटकासाठी देवस्थान समितीकडून किंवा नाट्यमंडळाकडून लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र घ्या: नाटकाचं नाव, भूमिका, तारीख.

पंधरा हजार हा आकडा ऐकून होकार किंवा नकार देऊ नका. तो कुठून येतो ते विचारा. अनेक खासगी रेपर्टऱ्या केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या गुरू-शिष्य परंपरा योजनेतल्या रेपर्टरी अनुदानावर चालतात. त्यात गुरूला, म्हणजे संचाच्या प्रमुखाला, महिना 15,000 आणि अठरा वर्षांवरच्या शिष्याला, म्हणजे नटाला, 10,000 मिळतात, नाटकासाठी जास्तीत जास्त अठरा शिष्य. हे अनुदान संस्था मागते, नट नाही. मंजुरी आणि हप्ता दोन्ही उशिरा येण्याची सवय ह्या क्षेत्राला आहे. म्हणून मुलाने सरळ विचारावं: ह्या पंधरांतले अनुदानाचे किती आणि संस्थेचे स्वतःचे किती? अनुदान अडकलं तर पहिल्या तारखेला मला किती मिळतील? ह्या प्रश्नाला «बघू, मिळतं सगळ्यांना» असं उत्तर आलं तर घरून तीन महिन्यांच्या खर्चाची तरतूद केल्याशिवाय पाठवू नका. अनुदानाचे पैसे नटाच्या बँक खात्यात जमा होतात. त्यातले काही संस्थेला परत करायला सांगणारी मंडळी भेटली, तर तिथून निघालेलं बरं.

करारातली बाकीची कलमंही तपासा. अकरा महिन्यांचा करार म्हणजे बाराव्या महिन्यात मानधन नाही, आणि नवा करार होईलच असंही नाही. नूतनीकरण कोण ठरवतं आणि किती दिवस आधी कळवतात? दौऱ्यावरचा भत्ता मानधनाव्यतिरिक्त आहे की त्यातच धरला आहे? मधेच सोडलं तर दंड आहे का? एखाद्या महिन्याची पूर्वसूचना ठीक, पण उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे भरा असं कलम असेल तर सही करू नये. मूळ गुणपत्रिका कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका, झेरॉक्स पुरते. बाहेर मालिका, जाहिरात, डबिंग करायला बहुतेक ठिकाणी बंदी असते आणि ती योग्यही आहे, कारण एका नटाने दांडी मारली की बाकी दहा जणांची तालीम खोळंबते. पण सुट्टीच्या महिन्यात ती बंदी लागू नाही, एवढं लिहून घ्यावं.

ते पैसे पगार म्हणून देतात की व्यावसायिक मानधन म्हणून, हेही कळलं पाहिजे. मानधन असेल तर पीएफ नाही, आणि वर्षाची रक्कम ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की 10 टक्के टीडीएस कापला जातो. उत्पन्न करपात्र नसल्यास विवरणपत्र भरून तो परत मिळतो. मुलगा बीकॉमचा आहे, एवढं त्याला जमायला हवं! अपघात विम्याचंही विचारा. अंधारात लेव्हलवरून (रंगमंचावरच्या चौथऱ्यावरून) पाय घसरणं, हे सेट उतरवताना सर्रास घडतं. कंपनीचा विमा नसेल तर बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या: वर्षाला 20 रुपये हप्ता, दोन लाखांचं अपघाती संरक्षण.

आता ऑडिशन. बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटांची दोन स्वगतं मागतात, मग एखादं गाणं, थोडी हालचाल, आयत्या वेळची उत्स्फूर्तता आणि शेवटी मुलाखत. काही कंपन्या निवडक मुलांना तीन-चार दिवस कार्यशाळेत ठेवून बघतात. आपल्या गावांतून जाणारी मुलं दोन ठिकाणी मार खातात आणि दोन्हीचं मूळ उत्सवी रंगमंचात आहे.

एक म्हणजे आवाज. मंडपात डोक्यावर माइक लटकत असतात, समोर हजारभर माणूस, बाजूला खाज्यांची दुकानं आणि फुग्यांच्या पिपाण्या. तिथे नट नकळत माइकखाली येऊन उभा राहतो, तोंड वर करतो आणि प्रत्येक वाक्याचा शेवट उंच नेतो. ऑडिशनच्या छोट्या खोलीत परीक्षक दहा फुटांवर बसलेले असतात. तिथे हेच केलं की तिसऱ्या वाक्याला त्यांची मान खाली जाते. दुसरं म्हणजे प्रॉम्प्टर. जत्रेच्या नाटकाला चार-सहा तालमी होतात आणि विंगेतून वाक्य येणार हे गृहीत असतं, त्यामुळे नट वाक्याच्या आधी अर्धा क्षण कान विंगेकडे लावतो. ही सवय इतकी मुरते की प्रॉम्प्टर नसला तरी डोळे बाजूला जातात. मुलाला मोबाइलवर स्वतःचं स्वगत चित्रित करून बघायला सांगा, दिसेल लगेच. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: स्वगत आधी भाव न घालता सपाट पाठ करायचं, भांडी घासताना, बसमध्ये, जिना चढताना म्हणायचं. ते न अडखळता येऊ लागलं की मगच अभिनयाला हात घालायचा.

स्वगतांपैकी एक तरी शांत, बोलीतलं असावं. दोन्ही रडारडीची नकोत. प्रसिद्ध नटाने गाजवलेलं स्वगत टाळावं, कारण परीक्षकाच्या कानात मूळ आवाज असतो आणि मुलगा नकलेत सापडतो. ज्या नाटकातलं स्वगत, ते नाटक पूर्ण वाचलेलं हवं; ‘ह्या आधी काय घडलं आणि हा कुणाशी बोलतोय?’ हा प्रश्न हमखास येतो. कंपनी हिंदीत काम करणारी असेल तर आपल्या जिभेकडे लक्ष द्यावं लागेल. ‘जब’, ‘जल’ ह्यांतला ज आपण ‘जरा’मधल्यासारखा दातांशी लावतो, ‘में’ आणि ‘मैं’ एकसारखे म्हणतो. रोज अर्धा तास हिंदी उतारा मोठ्याने वाचून तो रेकॉर्ड करून ऐकला तर महिन्याभरात फरक पडतो.

जमेची बाजूही आहे. डिचोली-सत्तरीकडची मुलं भजनात वाढलेली असतात. मुलाला पेटी, तबला किंवा पखवाज येत असेल, नाट्यपद सुरात म्हणता येत असेल, तर अर्जात ते दुसऱ्या ओळीत लिहा, शेवटी नको. चौदा-पंधरा जणांच्या संचात वाजवणारा नट एका माणसाचं मानधन वाचवतो, आणि व्यवस्थापकाला ते बरोबर कळतं.

आत गेल्यावर दिवस असा जातो: सकाळी दीड-दोन तास शरीर आणि आवाजाची कसरत, मग जेवणापर्यंत तालीम, दुपारी नेपथ्य रंगवणं, कपड्यांना टाके घालणं, प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) मोजून पेटीत भरणं, संध्याकाळी पुन्हा तालीम किंवा प्रयोग. एक नाटक उभं राहायला साधारण सहा ते आठ आठवडे. एका नाटकात प्रमुख भूमिका केलेला नट पुढच्या नाटकात घोळक्यात उभा राहतो आणि मधल्या अंधारात खुर्ची हलवतो. हे ज्याला लागतं, तो सहा महिन्यांत घरी येतो. दौऱ्यावर सकाळी ट्रक रिकामा करण्यापासून रात्री पुन्हा भरण्यापर्यंत सगळं नटांनीच करायचं असतं, त्यात तीन महिन्यांपूर्वी बसवलेलं जुनं नाटक एका उजळणीवर उभं करायचं. तब्येत सांभाळणं हा इथे कामाचाच भाग होतो. घसा बसला की मुलं कुजबुजत बोलतात, त्याने ताण वाढतो. पूर्ण गप्प राहणं बरं. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर काढ्यांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचं.

पुढचं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. गोव्यात नुसत्या मराठी नाटकावर महिना निघत नाही. तिकिटाच्या जोरावर वर्षभर चालते ती कोंकणी तियात्राची रंगभूमी. रेपर्टरीतून आलेला नट शाळेत नाट्यशिक्षक होतो, राष्ट्रीय नाट्य विद्यालय किंवा एमएकडे जातो, मुंबईत नाइटवर आणि डबिंगवर जम बसवतो, किंवा प्रकाशयोजना, रंगभूषा, ध्वनी असं एखादं अंग धरतो. शेवटच्या वाटेने गेलेल्यांना गोव्यात सर्वांत लवकर काम मिळतं, असं माझं मत आहे. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवनं, गावोगावची नाट्यमंडळं आणि गोव्यात येणारी चित्रीकरणं, सगळ्यांनाच दिवे लावणारा जाणता माणूस हवा असतो. म्हणून मुलाने पहिल्याच आठवड्यात प्रकाशयोजनाकाराच्या हाताखाली जाण्याची परवानगी मागावी. शिवाय संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती आहे, महिना 5,000, दोन वर्षं. तिची जाहिरात आली की अर्ज टाकावा.

मुलाच्या वडिलांना एक सुचवा. ऑडिशनला मुलाबरोबर त्यांनीच जावं. आत बसू नये, पण निकाल लागल्यावर नटांच्या राहण्याच्या खोल्या आणि स्वयंपाकघर बघून यावं, आणि संचातल्या दोन जुन्या नटांना गेल्या तीन महिन्यांचं मानधन कोणत्या तारखांना जमा झालं ते विचारावं. नट मोकळेपणाने सांगतात. कराराचा मसुदा मुलाने मेलवर मागवून घ्यावा आणि सही करण्यापूर्वी दोन दिवस घरी वाचावा. मसुदा द्यायला कंपनी तयार नसेल तर यंदा पाठवू नका. अशा भरत्या दरवर्षी निघतात.